दोन्ही टोकांना गाठ

विमलवैनींनी आत येऊन दाराला कडी घातली, तेव्हाच मला वाटलं की पाणी कुठंतरी मुरतंय. ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई पडदा ओढून घेते. कडी कुणी घालत नाही.

"पंखा लावू का वैनी?"

"नगं." त्यांनी डोक्यावरचा पदर कानामागं घट्ट खोचला, पिशवीतून एक जुनी ओढणी काढली आणि माझ्या कापायच्या टेबलावर उलगडली.

आत वेणी होती. माझ्या हाताएवढी लांब, मनगटाएवढी जाड, तपकिरी झाक असलेली. वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला लाल-काळ्या दोऱ्यानं करकचून बांधलेली. शेजारी प्लॅस्टिकच्या पुडीत तळहाताएवढी बारीक जाळी होती, आणि त्या जाळीत एकेक केस असा ओवलेला की तिथूनच उगवलाय असं वाटावं.

मी दोन पावलं मागं सरकले. कृष्णाकाठच्या आमच्या बाजाराच्या गावात त्या दिवसांत एकच विषय होता. बायकांच्या वेण्या कापल्या जात होत्या म्हणे. झोपेत, परसात, न्हाणीत. कोण कापतं ते कुणी पाहिलं नव्हतं, आणि तरी सगळ्यांना माहीत होतं. कुणी म्हणे टोळी आहे, कुणी म्हणे मांजराच्या रूपानं येतं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उशाशी लिंबू आणि विळा दोन्ही घेऊन झोपायच्या. त्यांच्या डोक्यावर वेणी म्हणावी असं काही उरलं नव्हतं, पण चोराला ते काय ठाऊक, असं त्यांचं म्हणणं.

"ही कुणाची हो वैनी?"

"कोल्हापुरातल्या दुकानातनं आणली. जाळीबी तिथलीच."

मग त्या खुर्चीवर टेकल्या आणि हळू आवाजात खरं ते बोलल्या, निदान अर्धं तरी. त्यांच्या सोनलला चाई लागली होती. आधी कानामागं एक चट्टा, मग दुसरा, आणि बघता बघता पोरीच्या डोक्यावर केस म्हणून राहिला नव्हता. लग्न ठरलेलं, साखरपुडा झालेला. पोराची आई बघायला आली तेव्हा तिनं सोनलची वेणी हातात घेऊन, वजन करावं तशी खालीवर केली होती. आता सोनल तापाचं निमित्त करून, डोक्याला रुमाल बांधून घरात बसली होती. आई, बाप आणि ती, तिघांखेरीज कुणाला पत्ता नव्हता.

"मालन, टोप शिवून दे. ह्यो जाळीचा तुकडा फुडं कपाळावर बसतो, भांग पाडला तर खरा वाटतो. मागचं समदं ह्या केसांचं करायचं."

"अहो, मी ब्लाउज शिवते. फॉल-पिको करते. टोप कसा शिवतात ते मला काय ठाऊक?"

"मोबाइलवर दावत्यात की. आन् शहरात शिवाय टाकला तर चार तोंडं वाढत्यात." त्यांनी माझा हात धरला. "पोरीच्या लग्नाची आण हाय तुला. ह्यातलं अक्षर भाईर जाता कामा न्हाई."

पोरीच्या नावानं आण घातली की बाई अडकते. मी हो म्हणाले. कडी काढता काढता त्या वळल्या.

"आन् दोन्ही गाठी एकदम सोडू नगंस हां. मुळांचं टोक मुळांकडं राहू दे, शेंड्याचं शेंड्याकडं. उलटंसुलटं झालं की केस गुंतत्यात."

दुकानातून वेणी विकत आणणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलं, असं माझ्या मनात आलं. मी मुळातच संशयी. मापं घेणाऱ्या बाईचं तसंच होतं. कंबर सांगताना सगळ्याजणी खोटं बोलतात.

*

दुपारी घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी टोपाचं काम काढायची. डोकं म्हणून पितळेची कळशी पालथी घातली आणि तिच्यावर साध्या जाळीची टोपी शिवून ताणून बसवली. मोबाइलमधल्या बाईचे नुसते हात दिसायचे. ती कुठल्या भाषेत बोलत होती देव जाणे, पण टाके कळत होते. वेणीतली थोडी थोडी बट काढायची, मुळं कागदाच्या दोन पट्ट्यांत धरायची, मशिनवर दोन टिपा मारायच्या आणि कागद फाडून टाकायचा. मागं केसांची झालर उरते. ती झालर टोपीवर ओळीनं शिवत जायची.

बघायला सोपं होतं. पहिल्याच दिवशी मशिननं केस गिळले आणि बॉबिनमध्ये असा गोळा झाला की मला मशिन उघडून चिमट्यानं एकेक केस ओढावा लागला. दुसऱ्या खेपेला झालरी छान जमल्या, म्हणून मी खुशीत कपाळाकडून सुरुवात केली आणि मानेपर्यंत शिवत आले. ब्लाउज वरून खाली शिवायची सवय. कळशी फिरवून बघितली तर प्रत्येक ओळीची शिवण उघडी पडलेली, खुडूक कोंबडीनं पिसं फुलवावीत तसं ध्यान. घरावर कौलं वळचणीपासून वर चढवतात, तसं हे मानेपासून वर यायला हवं होतं. खालच्या ओळीची टीप वरच्या ओळीनं झाकायची. सगळं उसवायला घेतलं.

उसवत असतानाच आत्याबाई दारात उभ्या राहिल्या.

"काय गं, कळशीला केस कशापायी आलं?"

"शाळेच्या गॅदरिंगचं काम आहे आत्याबाई. देवीचा टोप."

"देवी भाग्याची म्हणायची." त्या आत आल्या, उरलेली वेणी उचलली आणि नाकाशी नेली. "दुकानातल्या केसाला शिकेकाईचा वास येतो व्हय?"

त्यांनी वेणीच्या टोकाचा दोरा बोटानं चाचपला.

"ह्यो दोरा दुर्गीचा हाय."

दुर्गाबाई म्हणजे गुंतवळवाली. बाजाराच्या दिवशी खांद्याला झोळी अडकवून ती गल्लीगल्लीतून ओरडत जायची, "गुंतवळ द्या, सुया घ्या, पोत घ्याऽऽ." आमच्याकडं विंचरताना निघालेले केस कधी बाहेर टाकत नाहीत. कुणाच्या हाती लागले तर करणी होते, ही भीती. म्हणून बायका ते केस गोळा करून भिंतीच्या कोनाड्यात, डब्यात खुपसून ठेवतात आणि गुंतवळवाली आली की तिला देतात. ती बदल्यात सुया, मणी, काळी पोत देते. गाव आपल्या लेकीसुनांचे केस निर्धास्तपणे तिच्या झोळीत टाकत होतं. ती त्यांच्या जुड्या बांधायची, लाल-काळ्या दोऱ्यानं.

"बाजारात मिळतो हा दोरा," मी म्हणाले.

"मिळतो की. समदंच मिळतं बाजारात." आत्याबाईंनी वेणी खाली ठेवली आणि हात पदराला पुसले. "तुझं तू बघ बाई. माझं काय."

त्या गेल्या. एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. मागच्या बाजाराच्या दिवशी भर दुपारी दुर्गाबाईला विमलवैनींच्या परसदारातून बाहेर पडताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. ती बाहेर पडली आणि मागं दार पटकन लागलं. दुर्गाबाई कधी परसदारानं जात नसे. ती उंबऱ्याशी फतकल मारून बसायची आणि चहा मागायची. आता सगळं जुळत होतं. वेण्या कापल्या जातायत, दुर्गाबाई केसांचा धंदा करते, विमलवैनींना वेणी हवी होती. कुठल्या तरी गावच्या बाईच्या मानेवरून उतरवलेली वेणी मी माझ्या मशिनवर शिवत होते. उद्या कुणी शोधत आलं तर माझ्या दुकानाला टाळं लागेल, आणि सोनलचं लग्न मोडेल ते वेगळंच.

पुढच्या बाजाराला दुर्गाबाई दारात बसली तेव्हा मी दोऱ्याचा तुकडा तिच्यापुढं धरला.

"दुर्गाबाई, हा दोरा तुमचा ना?"

तिनं तो बघितला, हातात घेतला नाही. "असंल माय. लई जण वापरत्यात."

"कुणाची वेणी होती ती?"

"कंची येणी?" ती झोळी आवरायला लागली. चहा तसाच राहिला. मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली आणि सुयांची पुडी काढली. "ही बारीक सुई ऱ्हाऊ दे तुला. केसाला जाड सुई चालत न्हाई, जाळी फाटती."

मी केस शिवते आहे, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

*

ती गोष्ट फुटली त्या बाजाराच्या दिवशी दुपारी मी जाळीचा तुकडा कपाळावर बसवत होते. मागच्या सगळ्या ओळी नीट बसल्या होत्या. दुर्गाबाईच्या सुईनं जाळी खरंच फाटत नव्हती. टोप पहिल्यांदाच कुणाच्या तरी डोक्यासारखा दिसायला लागला होता, आणि मनात संशय असूनही मला त्याचं कौतुक वाटत होतं.

आत्याबाई धापा टाकत आल्या आणि सरळ आपल्या अंथरुणाकडं गेल्या.

"विमलची येणी कापली!"

"कुणाची?"

"विमलची गं! तिच्या जावंनं बघितलं. न्हाऊन आली आन् पदर पडला. मानंवर केस न्हाई! कवाधरनं झाकून बसलीया कुणास ठावं."

"आणि वैनी काय म्हणाल्या?"

"काय म्हणंल? रडाय लागली. समद्यांनी इचारलं, येणी कापणारानं कापली का, तर हो म्हून मान हलवली." त्यांनी उशाखालून विळा काढला. "दुर्गी घावली न्हवं! झोळीत हे एवढं केस! चावडीपुढं बसवलीया."

"विळा कशाला नेताय?"

पण त्या उंबऱ्याबाहेर पडल्या होत्या.

मी कळशीवरच्या टोपाकडं बघितलं. तपकिरी झाक. सोनलचे केस थेट आईवर गेलेत, असं सारं गाव म्हणायचं. पोराच्या आईनं हातात घेऊन बघितलेल्या वेणीशी जुळतील असे केस जगात एकाच डोक्यावर होते. कडी, घट्ट खोचलेला पदर, शिकेकाईचा वास. आणि दोरा. वेणी कापणारा चोर कापायच्या आधी दोन्ही टोकांना गाठी बांधत बसत नाही. ती वेणी कुणी चोरली नव्हती. वैनींनी ती सावकाश, जपून कापून घेतली होती.

आमच्याकडं नवरा जिवंत असताना सवाष्ण केसाला कात्री लावत नाही. लावली तर तिनं नवऱ्याचं मरण मागितलं असं धरतात. विमलवैनींची स्वतःच्या हातानं कापायची छाती झाली नसणार. म्हणून दुर्गाबाई परसदारानं आली होती.

टोप ओढणीत गुंडाळला आणि मी पळत सुटले.

*

विमलवैनी माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाकी घर चावडीकडं गेलं होतं.

"वैनी, चला."

"मला काय इचारू नगंस मालन."

"विचारत नाही. मला कळलंय. त्या बाईला मारून टाकतील तिथं."

"न्हाई मारत. दमदाटी करून सोडत्याल."

"आत्याबाई विळा घेऊन गेल्यात."

त्यांनी तोंडाला पदर लावला. "तिला म्या आण घातलीया. ती बोलायची न्हाई."

"ती बोलायची नाही, म्हणून तर तुम्ही बोलायचं!"

"आन् पोरीचं लगीन? दुर्गीला सोडवाय गेलं तर येणी कशापायी कापली हे सांगाय लागंल. मग सोनीचं डोस्कं समद्या गावाला कळंल. तुला पोर न्हाई मालन, तुला न्हाई कळायचं."

ते मला लागलं. मी हातातली ओढणी त्यांच्यापुढं जमिनीवर ठेवली. ती उलगडली गेली आणि टोप उघडा पडला.

आतल्या दारात सोनल उभी होती. डोक्याला पिवळा रुमाल, भुवयासुद्धा विरळ झालेल्या. ती कधीपासून ऐकत होती कुणास ठाऊक.

"आई, दुकानातली म्हणालीस ना?"

सोनल खाली वाकली, तिनं टोप उचलला आणि तोंडाशी धरला. लहान पोर आईच्या अंगाचा वास घेतं तसा तिनं त्याचा वास घेतला. मग ती आईला ओलांडून चपलासुद्धा न घालता बाहेर पडली.

"सोने! आगं सोने!"

आम्ही दोघी तिच्या मागं धावलो.

चावडीच्या पायरीवर दुर्गाबाई बसली होती. ओठ फुटला होता. झोळी पालथी पडली होती आणि केसांच्या जुड्या पायरीभर पसरल्या होत्या. ते सगळे आमच्याच बायकांचे केस होते. आणि त्या जुड्यांच्या मधोमध एक करडी, लांब वेणी पडलेली. मला आधी कळलंच नाही. मग दुर्गाबाईच्या डोक्याकडं बघितलं. मानेपाशी वेडेवाकडे कापलेले केस उभे राहिले होते. आत्याबाईंचा विळा कुणातरी बाईच्या हातात होता. आत्याबाई स्वतः खांबाआड उभ्या होत्या आणि माझ्याकडं बघत नव्हत्या.

"ऐका माझं!" विमलवैनी गर्दीतून पुढं झाल्या. "तिनं चोरली न्हाई. म्याच कापाय लावली."

आता सुटेल बिचारी असं मला वाटलं. पण मागून एक बाई ओरडली, "बघा! दुर्गीच बोलवून घेतीया तिच्या तोंडातनं! भानामती केलीया!"

"खरं सांगते गं बायांनो, म्याच तिला घरी बोलिवलं..."

"सवाष्ण बाई हुईल व्हय आपली येणी कापाय तयार? भारलीया तिला!"

दुर्गाबाईनं डोळे मिटले आणि मान हलवली. "नगं माय," ती पुटपुटली. "पोरीचं लगीन हाय. बोलू नगंस."

"मंत्र म्हनती बघा, मंत्र!"

विमलवैनींचे मालक चावडीच्या खांबाशी उभे होते. पोरीचं डोकं त्यांना माहीत होतं. घरात जाळी आली होती तीही त्यांनी बघितली असणार. त्यांना बोलता आलं असतं. ते खाली बघत राहिले.

खरं सांगूनही खोटं ठरतं तेव्हा काय करायचं, हे मला सुचत नव्हतं. सुचलं ते सोनलला. ती पायऱ्या चढून दुर्गाबाईच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं रुमाल सोडला.

उन्हात ते डोकं चकचकलं. एकही केस नव्हता. पुढं उभ्या असलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. सोनलनं आईचा पदर मागं सारला, टोपाची एक बट उचलली आणि आईच्या मानेपाशी कापलेल्या केसांना लावून धरली.

"बघा," ती म्हणाली. "जुळतंय का बघा. जवळ येऊन बघा की!"

कुणी जवळ गेलं नाही. ज्या बाईच्या हातात विळा होता तिनं तो हळूच पायरीच्या कडेला ठेवला.

दुर्गाबाई उठली. मी तिला हात द्यायला गेले, पण तिनं तो घेतला नाही. पायरीवरच्या जुड्यांना तिनं हात लावला नाही. त्यांतून फक्त आपली करडी वेणी उचलली, धूळ झटकली, कमरेच्या पिशवीतून लाल-काळा दोरा काढला आणि तिथं सगळ्यांच्या देखत, अजिबात घाई न करता, आधी मुळांकडं गाठ मारली, मग शेंड्याकडं. वेणी रिकाम्या झोळीत टाकली.

"तुमचं तुमच्यापाशी," ती म्हणाली, आणि वाटेत उभी असलेली माणसं बाजूला झाली.

*

सोनलचं ते लग्न मोडलं. निरोप संध्याकाळच्या आतच आला. बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. पुढं तिनं शिक्षण पुरं केलं आणि सांगलीला नोकरी धरली. मग आपल्या मनानं लग्न केलं. मांडवात ती डोक्याला अबोलीच्या रंगाचा फेटा बांधून उभी होती. टोप मी पुरा केला होता. तो तिनं एकदाही घातला नाही. केस वाढेपर्यंत विमलवैनींनी तो घालावा म्हणून ती मागं लागली होती, पण त्यांनीही घातला नाही. त्या तशाच मोकळ्या मानेनं बाजाराला जायच्या. त्यांचे मालक अजून धडधाकट आहेत.

दुर्गाबाई पुन्हा आमच्या गावात आली नाही. तीच काय, कुठलीच गुंतवळवाली आली नाही. पायरीवरच्या त्या जुड्या दोन दिवस तशाच पडून होत्या. ज्याच्या त्याच्या घरचे केस त्यात होते, पण कुठले आपले हे कुणाला ओळखता येईना, आणि दुसऱ्याच्या केसांना हात लावायला कुणी तयार होईना. शेवटी वाऱ्यानं ते गावभर नेले.

आत्याबाई त्या दुपारविषयी कधी बोलल्या नाहीत. विळा त्यांनी पुन्हा उशाला घेतला नाही. मागच्या वर्षी त्या गेल्या. त्यांची ट्रंक आवरताना तळाशी पत्र्याचा डबा सापडला, झाकण लागेना इतका भरलेला. आत गुंतवळ होतं. रोज विंचरून निघालेलं, बोटाला गुंडाळून, दाबून दाबून ठेवलेलं, इतक्या वर्षांचं. एवढे केस त्यांच्या डोक्यावर होते, हे मला तेव्हा कळलं.

बाहेर टाकायचं नाही, जाळायचं नाही, आणि न्यायला कुणी येत नाही. तो डबा अजून माझ्या मशिनखाली आहे.